गाडीतला नकाशा विकत घेऊ नका



दसरा जवळ आला की आपल्या ग्रुपवर साड्यांच्या आधी गाड्यांचे फोटो यायला लागतात. यंदा माझ्या ओळखीच्या तीन घरांत नवीन गाडीची बोलणी चालू आहेत आणि तिन्ही घरांत मी एकच वाक्य ऐकले : "घ्यायचीच तर टॉप मॉडेल घेऊ, त्यात नेव्हिगेशन आतच बसवलेलं असतं." म्हणणारे बहुधा घरातले पुरुष. ऐकणाऱ्या आपण, कारण गाडीतले आपल्याला काय कळते, असे घरात आधीच ठरलेले असते. हप्ता भरताना घरखर्चातून काय कमी करायचे, हे मात्र आपल्याला बरोबर कळते.

तर माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. रस्ता दाखवणाऱ्या यंत्रासाठी गाडीचे वरचे मॉडेल घेऊ नका. नकाशा आपल्या पर्समधल्या फोनमध्ये आहे. त्याला धरायला चार-पाचशे रुपयांचा स्टँड घ्या. फार तर जिच्या पडद्यावर फोनचाच नकाशा उमटतो, अशी मधल्या मॉडेलची गाडी घ्या. यावर गेल्या महिन्यात मंडळात माझी दोघींशी चांगलीच वादावादी झाली, म्हणून सगळे एकदा लिहूनच काढते आहे.

आधी एक गैरसमज. गाडीतले नेव्हिगेशन 'सॅटेलाइटवर' चालते आणि फोनचे 'इंटरनेटवर', म्हणून गाडीतले पक्के, असे शोरूममध्ये सांगतात. उपग्रह दोघांनाही तेच. अमेरिकेच्या जीपीएसचे उपग्रह आकाशातून वेळेचे संकेत पाठवतात. ते कमीत कमी चार उपग्रहांकडून ऐकून यंत्र आपली जागा काढते. हे काम फोनही करतो, गाडीही करते, आणि पूर्वी काचेला चिकटवायची गार्मिन, टॉमटॉमची छोटी यंत्रे मिळायची तीही हेच करत. फरक आहे तो त्या जागेखाली अंथरलेल्या नकाशात. तो किती ताजा आहे, त्यात आपण म्हणतो ते गाव सापडते का, आणि बिघडला तर बदलता येतो का, एवढेच प्रश्न खरे.

आता पैशाचे बघू. आमच्याकडे आलेल्या कोटेशनमध्ये मधल्या आणि वरच्या मॉडेलमध्ये एक लाख चाळीस हजारांचा फरक होता. मी विचारले, "मला फक्त नेव्हिगेशन हवं असेल तर वेगळं किती?" तो मुलगा हसला. वेगळे मिळत नाही म्हणे, पॅकेज असते. म्हणजे नकाशा हवा तर वरचे उघडणारे छत घ्या, रंगीत दिवे घ्या, चामड्याने मढवलेले स्टिअरिंग घ्या. पाच वर्षांचे कर्ज नऊ टक्क्यांनी धरले तर या एक लाख चाळीस हजारांचा हप्ता महिन्याला साधारण २,९०० रुपये होतो. पाच वर्षांत व्याजासकट पावणेदोन लाखांच्या घरात. हिशोब मी दोनदा तपासला आहे, तुम्हीही करून बघा.

चामड्याचे आले म्हणून इथेच बोलते, विषय थोडा बाजूचा असला तरी. किंमतपत्रकात 'लेदर रॅप्ड' असे बारीक अक्षरात लिहिलेले असते. बऱ्याच गाड्यांत ते कृत्रिम असते, पण सगळ्यांत नाही. चामड्याचा पट्टा, चामड्याची पर्स मंदिरात नेत नाही आपण. मग ज्या गाडीतून दर्शनाला जायचे तिच्या चाकावर काय मढवले आहे, हे विचारायला लाज कसली? लेखी उत्तर मागा. "मॅडम, सगळे घेतात" हे उत्तर नव्हे.

पण माझा मुख्य मुद्दा पैशाचा नाही. आपल्या बायकांच्या कामाला गाडीतला नकाशा उपयोगीच पडत नाही, हा आहे.

दिवाळीनंतर चातुर्मास संपून संघांचे विहार सुरू होतात. तेव्हा आपण काय करतो ते आठवा. आज मुक्काम हातकणंगल्याला, उद्या नेजला, परवा बाहुबलीला. कधी शाळेच्या खोलीत, कधी कुणाच्या मळ्यात. चौका लावायचा असेल तर पहाटे पाचला निघावे लागते. शोधाचे कपडे, शिधा, भांडी, गाळलेले पाणी, सगळे गाडीत भरलेले. आहाराची वेळ थांबत नाही. आणि पत्ता काय असतो? व्हॉट्सॲपवर आलेला एक लाल ठिपका. रात्री अकराला कुणीतरी लिहिते, "जागा बदलली, नवीन लोकेशन टाकलंय." फोनवर त्या ठिपक्याला बोट लावले की रस्ता सुरू. गाडीत आधीच बसवलेल्या यंत्रात हा ठिपका घालायचा कसा? काही नव्या गाड्यांत कंपनीचे ॲप फोनवर घेऊन तिथून गाडीला धाडता येतो. त्याला खाते लागते, पासवर्ड लागतो, आणि तो नेहमी ज्यांच्या नावावर गाडी आहे त्यांच्या फोनवर असतो. पहाटे पाचला भावजींना उठवून पासवर्ड विचारणार आहात का?

तीर्थांच्या नावांचे तर विचारूच नका. अंतरिक्ष पार्श्वनाथांचे शिरपूर वाशिम जिल्ह्यात. दुसरे मोठे शिरपूर धुळे जिल्ह्यात. आमच्या नात्यातल्या एका गाडीत 'शिरपूर' लिहिले की धुळ्याचे येते आणि वाशिमचे काही केल्या सापडत नाही. 'बाहुबली' लिहिले तर आपले कुंभोजचे की श्रवणबेळगोळचे, हे यंत्राने ओळखावे ही अपेक्षाच चूक, पण फोन निदान दोन्ही पुढे ठेवतो, फोटोसकट. सासूबाईही फोनच्या माइकवर बोट ठेवून मराठीत सांगतात, "कुंथलगिरी धर्मशाळा", आणि ती सापडते. गाडीच्या पडद्यावर इंग्रजीत एकेक अक्षर टिपत बसणे त्यांना जमणार नाही. मलाही त्याचा कंटाळा येतो.

आता वयाचे. गाडी आपल्या घरात दहा-बारा वर्षे राहते. तिच्यातला नकाशा गाडी बनली त्या सुमाराचा असतो. पुढे तो ताजा करायचा तर कुठे पेनड्राइव्हवर घ्यावा लागतो, कुठे सर्व्हिसिंगला सांगावे लागते, कुठे पहिली काही वर्षे फुकट आणि मग वर्षाची वर्गणी. किती घरांत हे केले जाते? मी विचारत असते, अजून एकही घर भेटले नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि पूर्ण ७०१ किलोमीटर जून २०२५ मध्ये. २०२१ ची गाडी, नकाशा न बदललेली, छत्रपती संभाजीनगरहून कारंजा लाडला जाताना तिला हा रस्ता ठाऊकच नाही. तुम्ही नव्या कोऱ्या महामार्गावरून चालला आहात आणि पडद्यावरची गाडी शेतातून पळते आहे, वर "मागे वळा, मागे वळा" म्हणून बजावते आहे. तिला संभाजीनगर आणि धाराशिव ही नावेही ठाऊक नसतात, कारण ती २०२३ ची. कुंथलगिरी धाराशिव जिल्ह्यात आहे, हे तिला कोण सांगणार?

आणि नुसता नकाशाच म्हातारा होत नाही. जीपीएस आठवडे मोजते ते १,०२४ पर्यंत, मग पुन्हा शून्यापासून. एप्रिल २०१९ मध्ये अशी फेरी उलटली. यंत्राला आतून दुरुस्ती मिळालेली नसेल तर ते तारखेत गोंधळते. जानेवारी २०२२ मध्ये परदेशात होंडाच्या नेव्हिगेशन असलेल्या कित्येक जुन्या गाड्यांची घड्याळे एकाएकी २००२ साल दाखवू लागली, ती अशाच मोजणीच्या घोटाळ्यातून. त्याच वर्षी अमेरिकेत मोबाइल कंपन्यांनी थ्रीजी बंद केले, तेव्हा त्यावर चालणाऱ्या जुन्या गाड्यांच्या जोडणीच्या सेवा गेल्या. गाडी उत्तम, इंजिन उत्तम, आणि आतली लाखाची सोय मुकी. फोन चार-पाच वर्षांनी आपण बदलतोच, तो नवा आला की नकाशाही नवा. काचेला लावायचे वेगळे यंत्रसुद्धा बिघडले तर काढून कपाटात टाकता येत होते. डॅशबोर्डातला पडदा काढून कुठे टाकणार? बऱ्याच गाड्यांत आता एसीची बटणेही त्याच पडद्यात गेली आहेत.

रात्रिभोजन त्याग असणाऱ्यांसाठी अजून एक गोष्ट, आणि ही मला सगळ्यांत मोठी वाटते. आपल्याला किती किलोमीटर राहिले यापेक्षा किती वाजता पोचणार हे कळायला हवे. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या आसपास. ज्या दोन घडी आधीच जेवण आटोपतात, त्यांनी तर सव्वापाचपर्यंत ताटावरून उठायला हवे. नाशिकजवळ गजपंथेचे दर्शन घेऊन पुण्याला परत येताना चाकणला काय होते, ते ज्यांनी भोगले त्यांना सांगायला नको. रहदारीची खबर नसलेला नकाशा सांगतो साडेचारला पोचाल. त्याच्या भरवशावर वाटेत जेवायला थांबत नाही आपण, आणि सहा वाजता चाकणलाच उभे असतो. मुले भुकेली, आणि बरोबरच्या म्हाताऱ्या आजी नेम मोडायचा नाही म्हणून सकाळपर्यंत उपाशी. फोनवर पुढची लाल रेघ तासभर आधी दिसते. लगेच ठरवता येते, की इथेच डबे उघडू. आता नव्या गाड्यांतही रहदारी दिसते, मान्य. वर्गणी चालू आहे तोवर.

आता विरुद्ध बाजू काय म्हणते तेही ऐकू, कारण ती अगदीच पोकळ नाही.

पहिले म्हणणे सुरक्षेचे. फोन हातात घेऊन गाडी चालवणे धोक्याचे. शंभर टक्के खरे, आणि त्याला दंडही आहे. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून झालेली सुधारणा असे सांगते, की असे उपकरण केवळ रस्ता पाहण्यासाठी वापरता येते, तेही चालवणाऱ्याचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. म्हणजे स्टँडला लावून, निघण्याआधी ठिकाण घालून, आवाज चालू ठेवून. वाटेत बदल करायचा तर शेजारी बसलेलीने करावा, नाहीतर गाडी बाजूला घ्यावी. गाडीच्या पडद्यावर बोटे फिरवत चालवणारे काय कमी धोक्याचे असतात? उलट स्टँड नजरेच्या रेषेत लावता येतो, पुष्कळ गाड्यांचे पडदे मात्र खाली, गिअरच्या वर. मुनिराज ईर्यासमितीने चार हात भूमी पाहून पाऊल टाकतात. आपण गृहस्थ, गाडी चालवताना ते साधणार नाही हे उघड आहे. पण पावसाळ्यात संध्याकाळी रस्त्यावर बेडूक येतात, कुत्री आडवी येतात, साप जातो. डोळे रस्त्यावरच हवेत. म्हणून मी तर पडद्याकडे बघायचेच नाही, कानांनी ऐकायचे, या मताची आहे.

दुसरे म्हणणे रेंजचे. घाटात, आडगावात फोनला नेट नसते, गाडीतला नकाशा तिथेही चालतो. हे खरे आहे आणि गाडीच्या बाजूने असलेला एकच खरा मुद्दा हाच. उपायही सोपा आहे. घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा आधी उतरवून ठेवायचा, 'ऑफलाइन मॅप' म्हणून सोय असते. रेंज गेली तरी रस्ता दिसत राहतो, फक्त रहदारी कळत नाही. यात्रेच्या आदल्या रात्री डबे भरताना हे काम मुलाला सांगायचे. पाच मिनिटे लागतात.

तिसरे म्हणणे : फोनच्या नकाशाने माणसे मेली. हो, मेली. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्रीच्या अंधारात एक गाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर उतरली आणि चालवणारा बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीकडे तुटलेल्या पुलावरून गाडी खाली पडून तिघे गेले. त्या पुलाचा भाग पुराने आधीच वाहून गेला होता आणि नकाशाला ते कळले नव्हते. या बातम्या दाखवून मंडळात मला विचारले गेले, "आता बोल!" बोलते. ज्या पुलाची खबर रोज बदलणाऱ्या नकाशाला वर्षभरात लागली नाही, ती तीन वर्षांपूर्वी गाडीत भरलेल्या नकाशाला लागली असती का? तिथे बॅरिकेड नव्हते, पाटी नव्हती, हा दोष रस्ता सांभाळणाऱ्यांचाही आहे. आणि रात्री, पावसात, अनोळखी पुलावर उतरताना यंत्र कुठलेही असो, टपरीवरच्या माणसाला विचारलेच पाहिजे. रात्री प्रवासच कशाला, हे तर आपल्या घरांत आधीपासून सांगतात.

चौथे म्हणणे आमच्या एका ज्येष्ठ काकूंचे, त्यांना नमस्कार करून उत्तर देते. त्या म्हणाल्या, फोन हाच सगळ्यात मोठा परिग्रह. यात्रेला तो बंद ठेवावा, णमोकार म्हणावा आणि रस्ता गाडीने दाखवावा. काकू, फोन तर घरात आलेलाच आहे. एक वस्तू असताना त्याच कामाची दुसरी, तिच्याहून कितीतरी महाग वस्तू विकत घेतल्याने परिग्रहाचे परिमाण कमी कसे होईल? आचार्य उमास्वामींनी परिग्रह वस्तू मोजून सांगितलेला नाही, मनाच्या मूर्च्छेवरून सांगितला आहे. आता मला सांगा, मूर्च्छा कशात जास्त आहे : वापरून घासलेल्या फोनमध्ये, की "आमची टॉप मॉडेल आहे" या सांगण्यात? णमोकार दोन्हीकडे म्हणता येतो. नकाशा चालू ठेवून मेसेज बंद ठेवायची सोय फोनमध्ये असते, तेवढी करून देईन मी काकूंना.

दिग्व्रताचा दाखला एकीने दिला, तो मला आवडला. व्रत घेताना अमक्या नदीपर्यंत, अमक्या डोंगरापर्यंत, अमक्या गावापर्यंत अशी ओळखीच्या खुणांनी सीमा ठरवायची, असे रत्नकरंड श्रावकाचारात सांगितले आहे. आणि ठरवलेली सीमा विसरणे हा अतिचार मानला आहे. ती म्हणाली, नकाशामुळे आपण खुणाच विसरलो, यंत्र सांगेल तिकडे जातो. हे फोनलाही लागू, गाडीलाही लागू. म्हणून मी मुलींना सांगते, निघण्याआधी नकाशा एकदा पूर्ण उघडून बघा, मधली चार मोठी गावे तोंडपाठ करा. तरी या वादात तो दाखला कुणाच्याच बाजूचा नाही, हे तिलाही मी सांगितले.

एक गोष्ट मात्र कुणी बोलत नाही. गाडी विकताना आतल्या यंत्रात आपल्या घराचा पत्ता, मुलीच्या हॉस्टेलचा पत्ता, माहेर, दागिन्यांचे दुकान, सगळे साठवलेले असते. गाडी एक्स्चेंजला देताना ते पुसायला हवे, हे सांगायला शोरूमचा माणूस येत नाही. ज्यांच्या जुन्या गाडीत असे यंत्र आहे, त्यांनी द्यायच्या आधी सेटिंगमध्ये जाऊन सगळे मूळ स्थितीला आणावे. फोन आपण देताना पुसतोच.

मधल्या मॉडेलचे म्हणाले होते. अँड्रॉइड ऑटो किंवा ॲपल कारप्ले ही सोय असली, की फोन जोडल्यावर फोनचाच नकाशा गाडीच्या मोठ्या पडद्यावर येतो. नकाशा ताजा, पडदा मोठा, उन्हात फोन तापत नाही, बॅटरी उतरत नाही. कितीतरी गाड्यांत हे मधल्याच मॉडेलला मिळते. एवढे मिळाले की बाकीच्याला माझा विरोधच आहे. पण हेही कायम मिळेल असे धरू नका. अमेरिकेत जनरल मोटर्सने २०२३ मध्ये जाहीर केले, की पुढच्या विजेच्या गाड्यांत ही सोय ठेवणार नाही, कंपनीचीच यंत्रणा वापरावी लागेल. टेस्लाने तर ती कित्येक वर्षे दिलीच नाही. फुकटचा नकाशा गिऱ्हाइकाच्या खिशात असणे कंपन्यांना परवडत नाही, वर्गणी परवडते. म्हणून आज मिळते आहे तोवर ती मागून घ्या.

शोरूमला जाताना तुम्ही स्वतः जा, आणि टेस्ट ड्राइव्हच्या गाडीत मागे नाही, पुढे बसा. तुमचा फोन जोडायला सांगा, त्यांचा नव्हे. विहाराच्या ग्रुपवरचा शेवटचा ठिपका उघडून दाखवा आणि विचारा, हा आतल्या यंत्रात कसा घालायचा. किती मिनिटे लागतात ते घड्याळात बघा. नकाशा कुठल्या महिन्याचा, किती वर्षे फुकट, पुढे वर्षाला किती, हे कोटेशनच्याच कागदावर लिहून सही घ्या. स्टिअरिंगचे चामडे खरे की कृत्रिम, तेही तिथेच. आणि शेवटी त्यांना शिरपूर लावायला सांगा. धुळ्याचे आले, तर कागद घडी करून पर्समध्ये ठेवा आणि मधल्या मॉडेलची ऑनरोड किंमत विचारा.